माहेरची खरखर

टेलिफोनच्या माणसाशी मी आयुष्यात एकदाच भांडले, पण भांडले ते चांगलं महिनाभर. पोटात सात महिन्यांचं बाळ, पाय सुजून भोपळा झालेले, आणि मी घनसावंगीच्या आमच्या ओट्यावर कमरेवर हात ठेवून उभी. समोर लाईनमन, खांद्यावर वायरचं भेंडोळं. "खरखर गेल्याबिगर इथून हलायचं न्हाई, सांगून ठेवते," असं मी त्याला दटवायची आणि तो बिचारा रुमालानं मान पुसायचा. आता वाटतं, त्याला एखादा कप चहा तरी जास्तीचा पाजायला पाहिजे होता.

मोबाइल यायच्या आधीची ही गोष्ट. लग्न होऊन मी केदारखेड्याहून घनसावंगीला आले. जिल्हा एकच, पण एक गाव वरच्या अंगाला आणि एक पार खालच्या. जालन्याला एसटी बदलायची म्हणजे अख्खा दिवस मोडला. मी आईबापाची एकुलती एक. मी सासरी आल्यावर बाबांनी घरात फोन घेतला, तो निव्वळ माझ्यासाठी. कपाशी आणि मोसंबीचा बाग करणाऱ्या माणसाला फोन लावायचा कुणाला? दर रविवारी सकाळी भाकरी उरकल्या की मी नंबर फिरवायची. आई फोनवर बोलायची म्हणजे बांधावरून हाक मारायची, रिसीव्हर कानापासून वीतभर लांब धरावा लागायचा. तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "काय खाल्लंस?" आणि शेवटचं वाक्यही ठरलेलं, "जिवाला जप, माय." मधलं सगळं शेजारणींचं, म्हशीचं आणि बाबांच्या गाऱ्हाण्यांचं.

दिवाळीला गेले तेव्हा तिला बातमी सांगितली. तिनं तिथंच चुलीपुढं बसून बोटांवर महिने मोजले. "वैशाखात येतंय. सातवा लागला की मीच येते तुला न्यायला. पहिलं बाळंतपण आईच्याच हातचं." लगेच जुनी मऊ लुगडी काढून धुवायला टाकली दुपट्यांसाठी. पहिलटकरणीनं माहेरी जायचं हा आमच्याकडचा रिवाजच आहे, पण मला रिवाजाचं काही पडलं नव्हतं. मला आई पाहिजे होती. तोंडानं मी कितीही तिखट असले तरी बाळंतपणाला टरकले होते, अगदी मनापासून टरकले होते. आई उशाशी असली की निभेल, एवढंच मला कळत होतं.

संक्रांतीनंतरच्या रविवारी फोन लावला तर नुसती खरखर. तापल्या तव्यावर ओली मेथी टाकावी तसा आवाज, थांबायचं नाव नाही. त्यातून बाबांचा आवाज तुकड्यातुकड्यानं आला. आई कुठंय विचारलं, तर म्हणाले, "इथंच हाये. तिच्या कानाला लावतो, तू बोल, ती ऐकती." मी बोलले. पलीकडून खर्र खर्र. मध्येच काहीतरी आईसारखं वाटलं, पण शब्द कळेना. मग परत बाबा. "बाबा, आई काय म्हणते?" मी ओरडले. "जिवाला जप म्हणती!" तेही ओरडले.

पुढं दर रविवारी हेच. आईच्या कानाला फोन लागायचा, मी घसा फोडून बोलायची, पलीकडून तवा तडतडायचा, आणि शेवटी बाबा सांगायचे आई काय म्हणाली ते. लोणचं कमी खा म्हणती. डाव्या कुशीवर झोप म्हणती. मी विचारायची, "मला न्यायला कधी येता?" की खरखर एकदम वाढायची. "काय? ऐकू न्हाई येत, माय! लाईनमनला सांगून ठेवलंय, येतो म्हणला!" फोन बंद.

सातव्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचा मुकुट, बायकांची गाणी, सगळं झालं. माहेराहून बाबा एकटेच आल्ते. आईचे गुडघे धरलेत म्हणाले. जेवले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि चारची गाडी धरून एकटेच परत गेले. मला नेलं नाही. जाताना एवढंच म्हणाले, "जरा उन्हं कमी होऊ दे." फाल्गुन लागलेला, उन्हं कमी व्हायची की वाढायची? मी त्या रात्री मुकुट उतरवून कोपऱ्यात फेकला आणि जेवले नाही.

घरातली माणसंही विचित्र वागायला लागली होती. माझी सासू, आम्ही आत्याबाई म्हणायचो त्यांना, तशी कडक बाई. पण त्या दिवसांत उगीच गोड बोलायच्या. स्वतः दूध तापवून आणायच्या आणि म्हणायच्या, "इथंच करू की बाळंतपण. मी काय मेले का?" मला संताप यायचा. वाटायचं, नातवंड हातचं सोडवत नाही म्हणून मला अडकवून ठेवून राह्यल्या. मालकांना, म्हणजे आमच्या ह्यांना, म्हटलं तर ते बियाण्याच्या दुकानाच्या पावत्या चाळत बसायचे. "फोनची खरखर मिटवा, म्हणजे मी आईशी नीट बोलून सगळं ठरवते," मी म्हणायची. "असू दे ना थोडी खरखर," म्हणायचे. थोडी! मग मीच एक्स्चेंजला फोन करून तक्रार लावली.

लाईनमन पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं रिसीव्हरची गुंडाळीची वायर बदलली आणि गेला. रविवारी तेच. दुसऱ्यांदा आला, भिंतीवरची पांढरी डबी उघडली, आतले स्क्रू घासले, तारांची टोकं नव्यानं सोलून बसवली. रविवारी तेच. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी ओट्यावर ठाण मांडून उभी होते, ते सांगितलंच. तो खांबावर चढला, आमच्या तारेला चिमट्यांनी आपला फोन लावून ऐकला, खाली उतरला, परत डबीपाशी लावून ऐकला.

"वहिनी, लाईन बिलकुल साफ हाये."

"मंग मी काय खोटं बोलून राह्यले?"

"तसं न्हाई. एक सांगा, दुसऱ्या कुणाला फोन लावला की पण खरखर येती का?"

मी आठवून बघितलं. दुसऱ्या कुणाला? मी या फोनवरून माहेर सोडून दुसरा नंबर कधी लावलाच नव्हता. तो एक एक्स्चेंजचा तेवढा, पण तेव्हा मी इतकी तावात बोलत होते की लाईन साफ आहे का खराब, हे बघायचं भानच नव्हतं. दुकानाचे फोन मालक करायचे, त्यांचं ते बघायचे. माझ्या मनात फोन म्हणजेच माहेर होतं.

त्यानं माझ्याच हातानं एक्स्चेंजचा नंबर लावायला लावला. स्वच्छ. दुकानाचा लावला, मालकांच्या तिथला पंखासुद्धा ऐकू आला. मग म्हणाला, "आता तिकडचा लावा." केदारखेड्याचा लावला. बाबांनी उचलला आणि तवा तडतडला.

लाईनमन पानानं रंगलेले दात दाखवत हसला. "वहिनी, खरखर इकडची न्हाईच. तुमच्या माहेरची हाये."

"माझ्या माहेराला नावं ठेवू नका," मी म्हणाले. हसूही येत होतं आणि रडूही.

माणूस भला. तिकडच्या एक्स्चेंजला त्याचा ओळखीचा होता, त्याला तिथल्या तिथं फोन लावून विचारलं. ऐकून घेतलं आणि माझ्याकडं जरा चमत्कारिक नजरेनं बघितलं. "तो म्हणतो, त्या नंबरची तक्रारच न्हाई. एकदा पण न्हाई."

म्हणजे बाबा दोन महिने माझ्याशी खोटं बोलत होते. लाईनमनला सांगितलंय, येतो म्हणला, उद्या येतो, परवा येतो, सगळं खोटं. माझ्या डोक्यात एकच आलं, यांना मला न्यायचंच नाही. पोरीचं बाळंतपण नकोय. मला इतकं लागलं की सांगता येत नाही. लाईनमननं जाताना समजावलं, "कुठंतरी जोड कच्चा असंल. घरातल्या कुणी हातानं पीळ मारला असंल." आणि भेंडोळ्यातली चांगली लांब काळी वायर तोडून दिली, वर चिकटपट्टीची एक गुंडाळी. जोड कसा सोलायचा, कसा घट्ट पिळायचा, पाण्यापासून कसा लांब ठेवायचा, सगळं बराबर करून दाखवलं. मी ते असं मन लावून शिकले, की शाळेतही इतकं कधी शिकले नसेन.

दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरली. "मी चालले. आता मला कुणी आडवं यायचं न्हाई." आत्याबाईंनी मालकांकडं बघितलं, मालकांनी आत्याबाईंकडं. कुणीच आडवं आलं नाही. मालक पिशवी उचलून बरोबर निघाले. जालन्याच्या स्टँडवर त्यांनी मला मोसंबी सोलून दिली आणि भोकरदनच्या गाडीत बसल्यावर खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाबांवर रागावू नको." मी म्हटलं, "ते माझं मी बघते."

घरी पोचलो तर दार उघडं, घरात कुणी नाही. समोरच्या खोलीत ज्या स्टुलावर फोन असायचा ते स्टूलच नव्हतं. भिंतीवर नुसती डबी. आणि डबीतून एक जाड करड्या रंगाची वायर निघालेली, मोटारीला वापरतात तसली. मी हाका मारायच्या सोडून त्या वायरीच्या मागं लागले. वायर भिंतीनं स्वयंपाकघरात गेली, फडताळाच्या वरून, मग मागच्या दारातून अंगणात. गोठ्याच्या भिंतीवर खिळे मारून तिला नेलेलं. मध्येच म्हशीच्या हौदाच्या वर तो जोड सापडला. एका बाजूनं करडी वायर, दुसऱ्या बाजूनं बारीक तांब्याची, दोन्हीची टोकं हातानं पिळलेली, वरून दुधाची पिशवी गुंडाळून सुतळीनं बांधलेली. आतून हिरवं-काळं झालेलं. म्हैस पाणी पिताना तोंड झटकायची, ते पाणी थेट त्यावर. ही बाबांचीच करामत, त्यांचा सुतळीचा पीळ मी झोपेतही ओळखीन. मला वाटलं, सापडली एकदाची खरखर. आता धरतेच यांना.

वायर तिथून पुढं मागच्या खोलीत गेल्ती, जिथं आम्ही कापूस भरून ठेवायचो. कापूस नव्हता. खोली सारवलेली होती, खिडकीपाशी बाज होती आणि बाजेवर आई होती. उशाशी स्टूल, स्टुलावर फोन. बाबा वाटीतून तिला काहीतरी भरवत होते.

आईचं तोंड एका बाजूला गेलेलं. उजवा हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पोटावर ठेवलेला. तिनं मला बघितलं. डावा हात उचलला आणि म्हणाली, "ये." मग परत, "ये. ये."

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात तिला अर्धांगाचा झटका आल्ता. औषधपाणी केलं, जीव वाचला, बोलणं गेलं. हा एकच शब्द राहिला. बाबांना बघून ये, म्हशीला बघून ये, पाणी पाहिजे तरी ये. मालकांना माहीत होतं, आत्याबाईंना माहीत होतं. पहिलटकरीण आहे, धसका घेईल, वेडीवाकडी धावत येईल आणि रस्त्यात काही होईल, म्हणून सगळ्यांनी मिळून मला सांगायचं नाही असं ठरवलेलं. मी तिथंच जमिनीवर बसले आणि मोठ्यानं रडले. रागानं रडले, हेही सांगते. माझ्याच आईचं दुखणं माझ्यापासून चोरलं होतं.

"फोन इथं आणला मी," बाबा म्हणाले. "शुद्धीवर आल्यापासून ती समोरच्या खोलीकडं, फोनकडं बगत पडायची. तिला उचलून तिथं न्यायला मला एकट्याला होईना. मंग फोनच इकडं आणला. पण अशी वायर वाढवायची परवानगी नसती, म्हणून लाईनमनला कसं बोलावू?" मग खाली बघत म्हणाले, "आन खरं सांगू का, खरखर होती म्हणून निभलं. तू 'न्यायला कधी येता' विचारायची, तवा मी काय सांगणार होतो? इथं तुझं करणार कोण? मला तर हिचंच जमंना."

"आणि आई हे म्हणते, ते म्हणते, तुम्ही सांगत होता ते?"

"तिनं तेच म्हणलं असतं ना. मी काय नवं सांगितलं?"

म्हणजे दर रविवारी मी इकडून विचारत होते, मला कधी नेता, आणि तिकडं आई फोनमध्ये सांगत होती, ये. दोन महिने सांगत होती. मला ती खरखर वाटली.

डोळे पुसून मी बाबांच्या दाढीचं ब्लेड मागितलं. ते नको नको म्हणत होते, अवघडलेल्या बाईनं गोठ्यात बसू नये म्हणत होते. मी ऐकते कुणाचं? जुना जोड कापून टाकला. करडी वायर सगळी खिळ्यांवरून काढायला लावली, लाईनमनची काळी वायर मालकांनी हौदापासून लांब, छपराच्या आढ्याखालून नेली. टोकं मी सोलली, चकचकीत घासली, तांब्याला तांबं घट्ट पिळलं, पट्टी गुंडाळली. जोड असा बसला की ओढून निघेना. मग आईच्या बाजेवर बसून आत्याबाईंना फोन लावला.

"अगं बाई, शेजारून बोलल्यावाणी आवाज येऊन राह्यला!" त्या म्हणाल्या.

"आत्याबाई, मी इथंच राहते. बाळंतपण इथंच."

"येडी का काय तू? तिथं कोण करणार तुझं?"

 तेवढ्यात माझ्या मांडीला लागून पडलेली आई फोनकडं बघून म्हणाली, "ये."

 लाईन इतकी साफ होती की पलीकडं आत्याबाईंचा श्वास ऐकू येत होता. "कोण बोललं गं? विहीणबाई?"

"हां."

"मला बोलावून राह्यल्या?"

आई हल्ली म्हशीलाही ये म्हणते, हे मी सांगितलं नाही. मी कशाला सांगू? मी म्हटलं, "हां, तुम्हालाच."

"मंग यावंच लागंल," आत्याबाई म्हणाल्या, आणि चौथ्या दिवशी खारीक, डिंक, बाळंतशेपा घेऊन खरंच केदारखेड्याला उतरल्या. सुनेच्या माहेरी येऊन सासू बाळंतपण करते, हे गावानं कधी ऐकलं नव्हतं. आया-बाया बघायला यायच्या. आत्याबाईंनी कुणाची पर्वा केली नाही. मागच्या खोलीतच माझी बाज टाकली. दवाखान्यातून लेक घेऊन मी त्याच खोलीत आले आणि रोज तेलपाणी आईच्या डोळ्यांसमोर झालं. आत्याबाईंनी बाळाला जरा जोरात चोळलं की आई डावा हात असा काही हलवायची, की आत्याबाई म्हणायच्या, "बरं बरं, विहीणबाई, हळू करते!" रात्री लेक आईच्या डाव्या कुशीला निजायची. पहिलं बाळंतपण आईच्या हातचं व्हायचं होतं, ते तिच्या त्या एका हाताचं झालं. बाळ झाल्यावर सव्वा महिना मी माहेरी होते. त्याच्याइतकं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

त्यानंतर रविवारचे फोन झाले, ते अगदी लख्ख आवाजात. आई ये म्हणायची आणि मी म्हणायची, येते गं, येते. लेक लहान, दुकानाची घाई, आज जाऊ उद्या जाऊ, असं करत गेले ते एकदाच, पोळ्याला. दिवाळीच्या आत आई गेली.

दिवसकार्य उरकून मी घनसावंगीला परत आले आणि रविवारी फोन लावला. बाबांनी उचलला, कपाशीचं सांगितलं, म्हशीचं सांगितलं, आणि सवयीनं म्हणाले, "थांब, आईच्या कानाला लावतो." बोलून गेले.  मग त्यांनी रिसीव्हर खरंच खाली ठेवल्याचं ऐकू आलं, बाजेच्या लाकडावर टेकल्याचं. मी बोलले. लेक पालथी पडायला लागली, वरणाचं पाणी चाटते, तुझ्यासारखी भुवई वर करते, सगळं सांगितलं. मग कान लावून बसले. गोठ्यात साखळी वाजली. खिडकीत चिमण्या होत्या. बाकी लाईन स्वच्छ होती, मीच केलेली, तिच्यात एक कणही खरखर नव्हती. मला ती खरखर इतकी हवीशी वाटली, की काय सांगू. खरखरीत निदान वाटायचं तरी, की पलीकडं आई काहीतरी बोलते आहे.

बाबांनी फोन उचलला. "झालं का बोलून?"

"झालं," मी म्हणाले. मग राहवलं नाही. "बाबा, आई काय म्हणते?"

 ते बाजेवर बसले, तिची कुरकुरसुद्धा मला ऐकू आली.

"जिवाला जप म्हणती, माय," ते म्हणाले.